पठारावरचे शंख

१

नदीच्या वळणावरची सगळ्यात कसदार जमीन चोरीला गेली आहे, हे पहिल्यांदा कळलं ते तिच्या मालकिणीला. तसं पाहिलं तर जमीन जागच्या जागी होती. तिच्यावर कोबीचे गड्डे धरले होते, पाटातून पाणी खळखळत होतं. चोरी झाली होती ती नकाशात.

नकाशा कार्यालयाने आपलं नवं काम लोकांना पाहण्यासाठी दालनाच्या भिंतीवर लावलं होतं. डोंगरमाथ्यापासून खाली, जिथे जिथे पडलेलं पाणी शेवटी त्या एकाच नदीला मिळतं, तेवढ्या सगळ्या पाणलोटाची जमीन तिच्या कुवतीप्रमाणे रंगवलेली होती. हिरवी म्हणजे उत्तम, पिवळी म्हणजे बेताची, लाल म्हणजे नांगर लावू नये अशी. लोक येत होते, आपापलं शेत शोधून त्यावर बोट ठेवत होते आणि शेजाऱ्याचा रंग आपल्यापेक्षा फिका आहे ना, याची खात्री करून घरी जात होते. वहिनींनीही चष्मा पुसला, नदीच्या वळणावर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच थांबलं.

सगळा परिसर त्यांना वहिनीच म्हणायचा. नवरा गेल्यावर दिराला हाताशी धरून मळा त्यांनी स्वतःच्या हिमतीवर राखला होता.

"हा लाल डाग कसला?" त्यांनी टेबलामागच्या मुलीला विचारलं.

"सहावा वर्ग आहे. उथळ, मुरमाड जमीन."

"माझ्या मळ्यात मुरूम? अगं, कुदळीचा दांडा बुडेल एवढी माती आहे तिथे. मुरूम बघायची हौस आली तर मला पाहुण्यांकडे जावं लागतं."

मुलीने नुसते खांदे उडवले. पण गोष्ट रंगावर थांबणारी नव्हती. नव्या साठवण तलावासाठी जागा घ्यायची ती लाल जमिनीतूनच, असं आधीच ठरलं होतं. आणि साऱ्या नकाशात सलग, सपाट, पाण्याजवळचा असा लाल पट्टा एकच होता. तो वहिनींचा. आठवड्याभरात बैठक बसणार होती, आणि बैठकीत शिक्का पडला की मळा पाण्याखाली.

वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्या थेट वरच्या कार्यालयात गेल्या आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "तुमचा नकाशा कुणीतरी बिघडवलाय. कुणी, ते तुम्ही शोधा. नाहीतर मी शोधते."

२

चौकशीला ज्या आल्या त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी उभी हयात माती शिकवण्यात घालवली होती. आता त्या निवृत्त होत्या, पण मूठभर माती हातात घेऊन चोळली, थोडी भिजवून वळली, की ती कुठली आणि कशाची हे अजूनही सांगत. निघताना नवरा म्हणाला होता, "गुडघे सांभाळ, कुठल्या खड्ड्यात उतरू नकोस." बाईंनी बरं म्हटलं होतं, आणि हे बरं पाळलं जाणार नाही हे त्या दोघांनाही माहीत होतं.

नकाशा कार्यालयाचे साहेब बाईंचे जुने विद्यार्थी. अतिशय हुशार, अतिशय सरळ. वरून विचारणा झाली तेव्हा चौकशीसाठी बाईंचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. खुर्चीतून उठून ते दारापर्यंत सामोरे आले.

"बाई, तुम्ही आलात, माझं ओझं उतरलं."

"अजून काही उतरलेलं नाही. मी आत्ताच तर आले," बाई बसत म्हणाल्या. "तुला काय वाटतं? कुणाचं काम आहे?"

साहेबांनी पेपरवेट इकडून तिकडे सरकवलं. "मला तर साधी चूक वाटते. इथली माणसं प्रामाणिक आहेत. माती तपासायला वर्षभर उन्हातान्हात शेकडो खड्डे खणलेत त्यांनी. आता दोन खड्डे चुकले म्हणून सगळ्यांच्या कामावर बोळा फिरू नये, एवढंच म्हणणं आहे माझं."

बाईंनी मान डोलावली आणि नकाशा जिथे तयार होतो ती खोली दाखवायला सांगितलं.

खोलीत मोठ्या पडद्यासमोर एक तरुणी बसली होती. नकाशावाली. दालनात वहिनींना खांदे उडवून दाखवणारी ती हीच. कुणीतरी तिच्या कामावर संशय घेतला होता, आणि तो राग तिच्या टायपिंगमध्ये ऐकू येत होता.

"बाई, तुमच्या समोर पुन्हा करते. मी काही लपवलेलं नाही," ती म्हणाली आणि एकेक थर पडद्यावर आणू लागली. "हा उताराचा थर, उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून काढलाय. ही पाण्याच्या निचऱ्याची माहिती. ही धूप. आणि हा मातीचा थर. खड्ड्यात मोजलेली मातीची खोली आणि प्रयोगशाळेत ठरलेला पोत, दोन्ही यात येतात. सगळे थर एकावर एक ठेवायचे. ज्या बाबतीत जमीन सगळ्यात कमी पडते, त्यावर तिचा वर्ग ठरतो. बाकी सगळं उत्तम असलं आणि माती वीतभरच असली, तर वर्ग सहावाच."

तिने कळ दाबली. पडदा क्षणभर करडा झाला, मग रंग उमटत गेले. नदीच्या वळणावर तोच लाल डाग.

"बघा. माझा हिशेब चुकलेला निघाला तर आजच राजीनामा देते."

"राजीनामा राहू दे, आधी चहा मागव," बाई म्हणाल्या. "तुझा हिशेब बरोबर आहे. पण त्या डागाची माती किती खोल म्हणतोय संगणक?"

"वीतभर. खाली मुरूम. चौतीस नंबरचा खड्डा."

"आणि मालकीण म्हणते, कुदळीचा दांडा बुडतो."

"कुणीतरी एकजण खोटं बोलतंय मग," नकाशावाली म्हणाली.

"जमीन खोटं बोलत नाही, एवढंच बरं आहे. तिला जाऊन विचारू या."

३

निघता निघता व्हरांड्यात अभियंता भेटला. तलाव बांधणारा तोच. सगळ्या कार्यालयात कुजबूज होती ती त्याच्याच नावाची. लाल डागाचा फायदा आणखी कुणाला होणार?

"मॅडम, मला ठाऊक आहे लोक काय बोलतात," तो स्वतःहूनच म्हणाला. त्याच्या हातात आराखड्याची गुंडाळी होती आणि चेहऱ्यावर जागरण. "पण त्या मळ्यात तलाव बांधायला लावणं ही मला शिक्षा आहे. नदीचा गाळ तो. त्यात भिंत उभी केली तर पहिल्या पुरात भिंतीबरोबर माझं नावही वाहून जाईल."

"मग तुम्हाला कुठे हवा होता तलाव?"

"वर पठारावर. बशीसारखी खोलगट जागा आहे, खाली सलग कातळ. थेंब मुरायचा नाही. पण नकाशात पठार हिरवं निघालं, दुसरा वर्ग. हिरव्या जमिनीला हात लावायचा नाही. मग माझे हात बांधले गेले."

बाईंनी त्याच्याकडे थोडा जास्तच वेळ पाहिलं. कातळाच्या पठारावर दुसऱ्या वर्गाची जमीन? असू शकते. निसर्गाला काय, कुठेही चांगुलपणा दाखवतो. पण कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना वाटायला लागलं.

मळ्यावर त्या गेल्या त्या खड्डेकाकांबरोबर. पाणलोटातला प्रत्येक खड्डा या गृहस्थांनी खणला होता. सरळ दांड्यासारखा ताठ माणूस, बोलणं मोजकं. वहिनी बांधावर हात बांधून उभ्या होत्या.

"इथला खड्डा तुम्हीच खणलात?" बाईंनी विचारलं.

"हो. त्या जांभळाखाली."

"नंबर काय होता?"

"नंबर मला विचारू नका. खड्डे आठवतात, नंबर नाही आठवत. पाटीवर लिहायचा, पिशवीवर लिहायचा आणि विसरून जायचा. हा खड्डा मात्र पक्का आठवतो. यांनी मला दोनदा हाकललं होतं."

"कोबी तुडवत होते," वहिनी म्हणाल्या.

खड्डेकाकांनी जुन्या खड्ड्याची भुसभुशीत जागा शोधली आणि गिरमिट फिरवायला सुरुवात केली. गिरमिट आत जात राहिलं. काळी, ओलसर, मऊ माती वर येत गेली. मुरूम काही लागेना. शेवटी खड्डेकाका थांबले, कारण दांडा संपला होता. बाईंनी गुडघ्यांचा विचार न करता बैठक मारली आणि वर आलेला मातीचा गोळा बोटांनी फोडला. आत पांढरे ठिपके होते. तांदळाच्या दाण्याएवढे इवलेसे शंख.

"हे काय?" वहिनींनी वाकून विचारलं.

"गोगलगायींची घरं. पाण्यात राहणाऱ्या गोगलगायी. कधीकाळी नदी इथून वाहत होती, तिने गाळाबरोबर आणून टाकली." बाईंनी दोन शंख रुमालात बांधले. "तुमच्या मळ्याची माती खरं बोलली, वहिनी. आता कार्यालयात तिच्या नावाने काय जमा झालंय ते बघायचं."

"म्हणजे माझा मळा हिरवा?"

"हिरवाच."

"मग लाल कुणी केला?"

खड्डेकाका मान खाली घालून गिरमिटाची माती पुसत होते. ते स्वच्छ झालं तरी पुन्हा पुसत राहिले.

४

प्रत्येक खड्ड्याची माती कार्यालयाच्या कोठारात झाकणाच्या डब्यात ठेवलेली असे. बाईंनी चौतीस नंबरचा डबा मागवला. नकाशाप्रमाणे ती वहिनींच्या मळ्याची माती. झाकण उघडलं तर आत तांबूस, खरखरीत, खडेदार माती. चिमूटभर हातात चोळली तर तळवा ओरबाडला जाईल अशी.

"ही मळ्याची नाही," बाई म्हणाल्या.

"मग मळ्याची कुठंय?" नकाशावालीने विचारलं. तिचा राग आता कुतूहलात बदलला होता.

"हाच खरा प्रश्न. वहिनींच्या वाट्याला वाईट माती आली, यावरून सगळे भांडतायत. पण त्यांची चांगली माती हवेत विरली नसेल. ती कुणाच्या तरी वाट्याला गेली असणार. आणि ज्याला फुकट चांगली जमीन मिळते, तो तक्रार करायला येत नाही."

दोघींनी डबे उघडायला घेतले. प्रत्येकातली थोडी माती पाण्यात विरघळवायची, गाळणीवर ओतायची, खाली काय राहतं ते बघायचं. वाळू राहायची, मुळं राहायची, एका डब्यात कुणाच्या तरी शर्टाचं बटण निघालं. दुपार कलली. नकाशावालीच्या बाह्या चिखलाने माखल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती मातीला हात लावत असावी, असं बाईंना वाटलं आणि त्यांनी तसं विचारलंही.

"पडद्यावर रोज लावते," ती म्हणाली. "पण तिला वास असतो हे विसरले होते."

तेवढ्यात तिच्या गाळणीवर काहीतरी चमकलं. तिने बोटाच्या टोकावर उचलून धरलं. इवलासा पांढरा शंख. मग दुसरा. मग पाचसहा.

"नंबर?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस."

"एकोणीस नकाशात कुठे आहे?"

नकाशावाली पळतच आपल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"पठारावर, बाई. कातळाच्या पठारावर. तिथे कुठली नदी?"

५

आता डाव थोडा स्पष्ट झाला होता. एकोणीस आणि चौतीस या दोन खड्ड्यांची अदलाबदल झाली होती. मळा पठाराचे गुण घेऊन लाल झाला आणि पठार मळ्याचे गुण घेऊन हिरवं. पण ती केली कुणी?

"प्रयोगशाळेत डबे बदलले असतील," नकाशावाली म्हणाली.

"नाही. प्रयोगशाळेत फक्त पोत ठरतो. मातीची खोली खड्ड्यातच मोजून लिहितात. इथे खोलीसुद्धा बदललीय. डबे बदलून खोली बदलत नाही."

"मग खड्डेकाकांनी नंबर उलटे लिहिले. किंवा..." ती बाईंकडे वळली. "किंवा मी जागा बदलल्या. तुम्ही हाच विचार करताय ना?"

"मी अजून विचारच करतेय. तो तक्ता उघड. खड्ड्यांच्या जागा लिहिलेला."

तक्ता उघडला. खड्ड्याचा नंबर, मग अक्षांश, रेखांश, आणि त्यापुढे आणखी एक रकाना.

"हा कशाचा?"

"उंचीचा. खड्ड्यापाशी जागा नोंदवायचं जे यंत्र असतं ते उंची आपोआप टाकतं. नकाशात मी ती वापरत नाही, उपग्रहाची उंची जास्त चांगली असते. त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही."

"मी बघते. एकोणीसची उंची वाच."

नकाशावालीने वाचली. पुन्हा वाचली. मग चौतीसची वाचली.

"एकोणीसची जागा पठारावर आहे आणि उंची नदीकाठची," ती हळू आवाजात म्हणाली. "चौतीस नदीकाठी आहे आणि उंची पठाराची."

"म्हणजे यंत्राने नोंद बरोबर केली होती. खड्डेकाकांनी नंबर चुकवला असता तर उंचीही जागेबरोबर गेली असती. तेव्हा काका सुटले. जागा बदलल्या त्या नंतर, इथे, संगणकात. अक्षांश-रेखांश तेवढे उचलले आणि उंची मागे राहिली."

नकाशावाली खुर्चीत मागे रेलली. "संगणकाला हात लावणारे आम्ही दोघंच. मी आणि..." ती थांबली.

"तुला एखादा खड्डा हलवायचा असता तर काय केलं असतंस?"

"सगळी ओळ उचलली असती. उंचीसकट. माझ्या दृष्टीने जागा म्हणजे तीन आकडे. कुणालाही विचारा, आमच्या वयाचं कुणीही तिसरा आकडा मागे सोडणार नाही."

बाई हसल्या नाहीत. जागा म्हणजे दोनच आकडे, हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या काळी खांद्यावर घेऊन फिरायच्या यंत्रात उंची येतच नसे, ती कागदी नकाशावरून वेगळी काढावी लागे. वर्षानुवर्षं फळ्यावर त्यांनी दोनच आकडे लिहिले होते, आणि पहिल्या बाकावर बसून ते उतरवून घेणारा मुलगा आज या कार्यालयाचा साहेब होता.

आणखी एक गोष्ट त्यांना आता खुपायला लागली. वहिनींची तक्रार एकाच जागेबद्दल होती. पठाराचं नाव तोवर कुणीही काढलं नव्हतं. तरी साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले होते, 'दोन खड्डे चुकले.'

६

साहेबांच्या दालनात जायच्या आधी बाई पठारावर जाऊन आल्या. का, हे त्यांना सांगता आलं नसतं. कोण, ते कळलं होतं. कशासाठी, ते कळत नव्हतं. पठार कुणाच्या मालकीचं नव्हतं, तिथे कुणाला काही पिकवायचं नव्हतं.

वर वाऱ्याने कान बधिर होत होते. बशीसारख्या त्या खोलगट भागात दगडी भिंतींची काही घरं होती. नकाशात ती नव्हती, कारण तो जमिनीच्या कुवतीचा नकाशा होता. जमीन काय पिकवू शकते एवढंच त्याला विचारलं होतं. तिच्यावर कोण राहतं, हे नव्हतं विचारलं.

एका दारात एक म्हातारा टोपली विणत बसला होता. दाराची चौकट घराच्या मानाने फारच मोठी होती. भिंत जणू चौकटीभोवती कशीबशी गोळा केली होती. शेजारच्या घरांचीही तीच तऱ्हा.

"या चौकटी खालच्या गावच्या," म्हातारा म्हणाला. "पूर्वी मोठ्या धरणाखाली गेलं ना ते गाव, तिथल्या. घर काही उचलून आणता आलं नाही, दारं तेवढी आणली. तुमचे साहेब आले होते. बराच वेळ हात फिरवत बसले चौकटीवर. म्हणाले, बाबा, आता नाही उठवणार तुम्हाला कुणी."

बाई खाली आल्या आणि साहेबांच्या दालनात गेल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"उंची बदलायची राहिली," बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "उंची कशी लक्षात राहिली नाही, कोण जाणे."

"मी कधी शिकवलीच नव्हती तुला." बाई समोर बसल्या. "त्या घरांसाठी?"

"वर विनंती केली होती, बाई. घरांचा एक थर घाला म्हणून. उत्तर आलं, या नकाशात तसा रकाना नाही. एकदा उठवलेली माणसं ती. पुन्हा उठवायची, कारण त्यांच्याखाली कातळ आहे? मग मी दोन ओळी बदलल्या. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दोन मिनिटांत पठार हिरवं झालं."

"आणि मळा लाल."

"वहिनींना मोबदला मिळेल. दुसरीकडे जमीन घेता येईल. त्यांच्या पाठीशी दीर आहे, बोलायला तोंड आहे. पठारावरच्यांना तेही नाही."

"कुणाला काय परवडेल हे तू ठरवलंस. त्यांना न विचारता. धरणवाल्यांनी त्या म्हाताऱ्याच्या गावाचं नेमकं हेच केलं होतं."

साहेब खुर्चीत बसले. असा विचार त्यांनी केला नसावा, किंवा केला असेल तर दाबून टाकला असावा.

"मला का बोलावलंस?" बाईंनी विचारलं. "मला संगणक येत नाही, काही सापडणार नाही म्हणून?"

"हो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि कदाचित त्याच्या उलटही असेल. नक्की सांगता येत नाही."

"बैठक उद्या आहे. मी अहवाल देणारच आहे. पण तो बैठकीच्या शेवटी देईन, आधी नाही. मधला वेळ तुझा."

७

बैठकीला सगळे होते. लांब टेबलाच्या टोकाला वरचे अधिकारी, बाजूला अभियंता, भिंतीशी खड्डेकाका आणि नकाशावाली, आणि पहिल्याच रांगेत वहिनी. बाई मागच्या खुर्चीवर बसल्या. मांडीवर बंद अहवाल.

साहेब नकाशापुढे उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच संथ. त्यांनी माथ्यावरची जंगलं समजावली, मधल्या उतारांवरची धूप समजावली, कुठे बांध घालायचे आणि कुठे नुसतं गवत राखायचं ते सांगितलं. काठी नकाशावरून खाली खाली सरकत होती. ती नदीच्या वळणाशी आली, लाल डागावरून गेली, आणि पुढे सरकली.

बाईंचा हात अहवालावर गेला. नकाशावालीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब नदीच्या मुखाबद्दल बोलत होते, तिथल्या खारवट जमिनीबद्दल. ते संपलं. अधिकारी म्हणाले, "ठीक आहे. मग तलावाची जागा..."

"एक मिनिट," साहेब म्हणाले. त्यांनी काठी टेबलावर ठेवली. "या नकाशात दोन खड्ड्यांच्या जागा मी स्वतः बदलल्या आहेत. मळा हिरवा आहे. पठार लाल आहे. यात या कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाचाही हात नाही."

खड्डेकाकांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. इतके दिवस सगळं खापर आपल्यावर फुटणार, हीच भीती ते गिळून बसले होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "का?"

साहेबांनी घरांबद्दल सांगितलं. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, नुसती घरं मोजून सांगितली, कोण कुठल्या घरात राहतं ते सांगितलं. सांगून झाल्यावर ते खाली बसले.

पहिल्यांदा बोलल्या त्या वहिनी. "मला बुडवायला निघाला होतात," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही." मग त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. "पण त्या घरांचं काय, ते आधी सांगा. माझा मळा वाचला म्हणून मी उठून जाऊ का इथून?"

त्या दिवशी जागा ठरली नाही. अभियंत्याला नवा आराखडा करायला सांगितलं, आणि नकाशावालीला घरांचा थर घालायला. त्यासाठी रकाना कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. पुढे तलाव झाला तो पठाराच्या वरच्या कडेला, ठरल्यापेक्षा बराच लहान. अभियंता कुरकुरला, खालच्या काही गावांना पाणी कमी पडलं, आणि दोन घरांना तरीही हलावं लागलं. पण या वेळी कुठे हलायचं ते त्यांनी सांगितलं आणि कार्यालयाने ऐकलं. साहेबांची नोकरी गेली. ते अपेक्षितच होतं, त्यांनाही आणि बाईंनाही.

हे सगळं नंतरचं. बैठक संपली त्या दुपारी बाईंना बसथांब्यावर सोडायला साहेब स्वतः आले. थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. दोघं बाकावर बसून राहिले.

"रागावलात?" साहेबांनी विचारलं.

"रागावले तर आहेच."

"एक विचारू? समजा, बदल्यात कुणाचाच मळा जात नसता. एखादी ओसाड, बेवारस जमीन लाल झाली असती आणि ती घरं वाचली असती. तर तुम्ही गप्प बसला असता का?"

लांबून बस येताना दिसली. बाई पिशवी सावरून उठल्या, गुडघा धरून क्षणभर उभ्या राहिल्या.

"बसले असते कदाचित," त्या म्हणाल्या. "पण वहिनी होत्या ना."

बस थांबली. त्यांनी साहेबांच्या हाताचा आधार घेतला आणि पायरीवर पाऊल ठेवलं.